सुट्टेबाईंचं जर्मन

"सुट्टे नसतील तर बाजूला उभे राहा. मागच्याला पुढे येऊ द्या."

वर्गातल्या अकराच्या अकरा मुली हसल्या. शिकवणारी मॅडम हातातली खोटी नोट तशीच धरून उभी राहिली. तिनं बाईंना नुकतंच समजावलं होतं की दुकानदार तुम्ही, गिऱ्हाईक मी, माझ्याकडे मोठी नोट आहे, तर आता मला जर्मनमध्ये विचारा. आणि बाईंच्या तोंडून निघालं ते हे, अस्सल मराठीत.

"हाबेन झी क्लाइनगेल्ट?" मॅडम म्हणाली. "सुट्टे आहेत का, एवढंच विचारायचं. गिऱ्हाइकाला हाकलायचं नाही."

बाईंनी वहीत उतरवून घेतलं. दास क्लाइनगेल्ट. बोलताना शेवटी ट, ड नाही. फळ्यावर तो शब्द हिरव्या खडूनं लिहिलेला होता. 'तो'ला निळा, 'ती'ला लाल आणि 'ते'ला हिरवा अशी मॅडमची पद्धत. आपल्याकडे पैसा तो, चिल्लर ती, नाणं ते, असा भरला संसार असतो. तिकडे पैसाही 'ते' आणि सुट्टे पैसेही 'ते'. शिवाय या शब्दाला अनेकवचन नाही, खिशात दोन नाणी असोत की ओंजळभर. बाईंना ते पटलं. चिल्लरीचं तरी आपण कुठे अनेकवचन करतो?

सुट्टेबाई हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांनी हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीत एकतीस वर्षं बसून कमावलं होतं. दहाच्या केसपेपरसाठी पाचशेची नोट आत आली की जाळीमागून 'सुट्टे आहेत का?' हा ठरलेला प्रश्न यायचा, आणि मोठ्या डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे त्याची नक्कल करायचे. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या विशी-बाविशीतल्या नर्स, तिकडे नोकरीला निघालेल्या. बाई कुठेच निघाल्या नव्हत्या. त्यांना फक्त नातीशी बोलायचं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षांपूर्वी तिकडे गेला, तिकडचीच बायको केली, आणि गेल्या हिवाळ्यात सायकलवरून कामावर जाताना ट्रकखाली सापडला. व्हिसाचे कागद पुरे होईपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. बाईंनी ते फोनवर पाहिलं, तेही निम्मंच, मध्येच नेट गेलं. आठव्या दिवशी त्या खिडकीत हजर झाल्या. धाकटी बहीण येऊन राहिली होती. तिनं आधी आडून आडून आणि मग उघडच सांगितलं की ताई, एकदा रडून घे, नाहीतर आतल्या आत कुढत बसशील. बाईंनी खरोखर प्रयत्न केला. बाथरूमचं दार लावलं, नळ सोडला आणि दहा मिनिटं पाटावर बसून राहिल्या. काहीच झालं नाही. बादली मात्र भरली, म्हणून मग कपडे भिजवले.

दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. जेवण जायचं, झोप लागायची, बसचा नंबर बरोबर दिसायचा. यजमानांना जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हा त्या धाय मोकलून रडल्या होत्या. मग आताच असं का, हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळून घेण्याची इच्छाही होत नव्हती.

रविवारी दुपारी सून फोन लावायची. पूर्वी मुलगा मध्ये बसून इकडचं तिकडे करायचा. आता सहा वर्षांची नात एकटी समोर यायची. बाई "वी गेट्स?" म्हणजे कशी आहेस, असं विचारायच्या, ती "गूट" म्हणायची आणि तिथंच संपायचं. मग आजी-नात एकमेकींकडे बघत बसायच्या. गेल्या रविवारी सुनेनं इंग्रजीत सांगितलं, दोघींचंही इंग्रजी मोडकंच, की फोन झाला की मुलीला रात्री झोप लागत नाही. आजी नुसती बघत राहते, म्हणते. येत्या रविवारी बोलू आणि मग काही महिने थांबू या का? बाई ओके म्हणाल्या. सून वाईट नव्हती, आणि तिचं चूकही नव्हतं, म्हणून तर भांडता येईना. मुलाच्या मागे एवढी एकच पोर उरली होती, आणि सहा वर्षांचं मूल काही महिन्यांत काय काय विसरतं हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना भीती वाटली.

वर्ग सुटल्यावर त्या मॅडमपाशी थांबल्या. लहान मुलीशी बोलायला चार वाक्यं लिहून द्या, म्हणाल्या.

"काय विचारायचंय तिला?"

बाईंनी नुसती वही पुढे केली. विचारायचं होतं ते एवढंच, की तुला बाप आठवतो का, आणि ते काही विचारण्यासारखं नव्हतं.

"मग दुकान-दुकान खेळा," मॅडम म्हणाली. "तेवढं तुम्हाला चांगलं जमतं."

रविवारी बाईंनी टेबल पुसून माल मांडला. एक बटाटा, पावडरचा डबा, चष्म्याचं घर आणि आपला कंगवा. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. नात आली ती अर्धी पाठ करूनच.

"गुटन टाग," बाई म्हणाल्या. "वास म्योख्टन झी?" आपल्याला काय हवंय?

नात वळली. आईकडे बघून भराभर काही बोलली आणि खुदकन हसली. सुनेनं बाजूनं समजावलं की तुम्ही तिला अहोजाहो केलंत, आजवर तिला कुणी केलं नव्हतं. बाईंचा इलाज नव्हता. वर्गात पेशंटशी नि गिऱ्हाइकाशी बोलायचं तेवढंच शिकवत होते. त्यांनी चेहरा गंभीर ठेवून पुन्हा तसंच विचारलं.

नात पुढे सरकून बसली. तिनं माल चोखंदळपणे पाहिला, बटाटा नाकारला आणि कंगव्याकडे बोट दाखवलं. मग एका कागदावर शंभराचा आकडा काढून तो कागद पुढे केला.

"हाबेन झी क्लाइनगेल्ट?" बाईंनी विचारलं. एकतीस वर्षांचा आवाज होता तो, त्यात चुकायला जागाच नव्हती.

नात उठून पळाली. रिकाम्या खुर्चीकडे बघत बाई बसून राहिल्या. संपलं, असंच वाटलं त्यांना. पण ती परत आली, एक पत्र्याची डबी घेऊन, आणि तिनं ती टेबलावर उपडी केली. नाणी होती.

"दास इस्ट पापास क्लाइनगेल्ट," ती म्हणाली.

मागे सून भांडी विसळत होती, तिचा नळ बंद झाला. त्याच्या जॅकेटच्या खिशात निघाले होते, ती हळूच म्हणाली, कुणाला हात लावू देत नाही. पण बाईंना ते कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. हे पपाचे सुट्टे पैसे. चारही शब्द त्यांना आधीच कळले होते, मध्ये कुणी न बसता. आणि त्यांना दुखलं, गेल्या हिवाळ्यापासून पहिल्यांदा, इतकं की टेबलाची कड धरावी लागली.

नातीनं चार नाणी वेचून तळहातावर ठेवली आणि हात फोनपुढे धरला. "राइश्ट दास?"

हा शब्द वर्गात झाला नव्हता. पण मूठ उघडून, खाली बघत, एवढ्यात भागेल का असं विचारणारी माणसं बाईंनी जन्मभर पाहिली होती.

"या," त्या म्हणाल्या. हो. आणि कंगवा फोनच्या अगदी जवळ नेला. नातीनं दोन्ही हात पुढे करून तो घेतला. ती चार नाणी तिनं डबीत परत टाकली नाहीत, एका कपात वेगळी ठेवली आणि ही आजीची, असं आईला बजावलं. पुढच्या रविवारी तिला पावडरचा डबा हवाय, सून म्हणाली. थांबायचं कुणी बोललं नाही.

फोन ठेवून बाईंनी बटाटा टोपलीत टाकला. कंगवा धुतला, पुसला, कागदात गुंडाळला आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. सोमवारी त्या हातानंच केस सारखे करून कामावर गेल्या. शेजारच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, बाई, आज कंगवा हरवला वाटतं?

"विकला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकी उघडली.