पॉल लोपिस यांची हरकत

"सर, ज्या पानांच्या कॉपी हव्यात त्यांच्यावर पेन्सिलने टिक करा. बाकीची फाइल परत जाईल," स्वप्नाली म्हणाली आणि आपल्या कॉम्प्युटरकडे वळली.

वीज कंपनीच्या त्या कार्यालयात पॉलसरांना आता सगळेच ओळखत. कोणी नमस्कार करी, कोणी ते दिसताच जेवायला निघून जाई. खरं तर ते सर नव्हतेच. चर्चच्या शाळेत एकतीस वर्षं कारकुनी केली, तेव्हा मास्तर लोक त्यांना नुसतं 'लोपिस' म्हणायचे. सर केलं ते माहितीच्या अधिकाराने, तेही निवृत्त झाल्यावर. वटार आणि आसपासच्या गावांत कुणाचा मीटर जळाला, कुणाचं कनेक्शन अडलं, की माणूस कागदाची सुरळी घेऊन त्यांच्या ओटीवर यायचा. एव्हरशाईन सिटीतल्या एका बंद फ्लॅटला पिठाच्या गिरणीला शोभेल असं बिल आलं होतं. पॉलसरांनी अर्ज टाकून रीडिंगचे फोटो मागवले. फोटोतला मीटर दुसऱ्याच बिल्डिंगचा निघाला. ऑफिस भांडणाला भीत नाही, प्रश्नाला भितं, असं ते सांगायचे आणि सांगताना त्यांची छाती दोन इंच फुगायची.

यावेळचं काम मात्र बिलाचं नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांचा शेजारी प्रल्हाद मोगरा खुडता खुडता गेला. वाडीत घोटाभर पाणी होतं. जुन्या खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेला त्याचा हात लागला आणि त्या तारेत करंट उतरला होता. दोन दिवसांत कंपनीने खांब बदलला आणि लेखी कळवलं की, त्या खांबाबद्दल पूर्वी कधीही तक्रार आलेली नाही, सबब अपघात मयताच्या निष्काळजीपणामुळे झाला. प्रल्हादची बायको शकू एकच गोष्ट सांगत राहिली. तो स्वतः तीनदा ऑफिसात जाऊन वहीत तक्रार लिहवून आला होता. ती वही सापडली तर भरपाई मिळणार होती आणि प्रल्हादच्या माथ्यावरचा निष्काळजीपणाचा शिक्का पुसला जाणार होता. शकूला त्या शिक्क्याचंच जास्त लागलं होतं.

पॉलसरांनी अर्ज केला. 'माहिती आढळून येत नाही' असं उत्तर आलं. मग अपील, मग सुनावणी. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसे सहा महिने गेलेच. शेवटी फाइल दाखवण्याचा आदेश निघाला आणि ती आज त्यांच्यासमोर उघडी होती.

नवव्या आणि दहाव्या पानांवर त्या वहीतल्या नोंदी सापडल्या. प्रल्हादचं नाव, गाव, तक्रार: 'खांबाच्या ताणतारेला झटका बसतो.' पहिल्या दोन नोंदी चार वर्षांपूर्वीच्या होत्या आणि तिसरी तो जाण्याआधी दीड महिन्याची. पॉलसरांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली आणि स्वप्नालीने मान वर केली. बाराव्या पानावर इंजिनिअरचा शेरा होता. खांब बुडाशी गंजला आहे, नवीन खांब शेजारच्या वाडीच्या बांधावर उभारावा. कंपनीने आपल्याच हाताने आपला गुन्हा लिहून ठेवला होता. त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं.

चौदाव्या पानावर त्यांचं स्वतःचं अक्षर होतं.

दीड पानी पत्र होतं. चार वर्षांपूर्वी तीन माणसं टेप घेऊन त्यांच्या बांधावर मोजमाप करत होती. मागे मुंबईच्या कुणा पार्टीचा बंगला उठत होता. खांब त्या बंगल्यासाठीच असणार, असं पॉलसरांनी गृहीत धरलं आणि कलमांसकट अशी झणझणीत हरकत लिहिली की ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. कित्येक रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली होती. पंधराव्या पानावर एकच ओळ होती: 'श्री. लोपिस यांच्या हरकतीमुळे काम रद्द.' साऱ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने त्या तिघांना एवढं एकच विचारलं नव्हतं, की खांब कशासाठी?

"झालं का सर?" स्वप्नालीने विचारलं.

त्यांनी नऊवर टिक केली, दहावर केली, बारावर केली. चौदा आणि पंधरा उलटून टाकली. मग फाइल मिटली.

प्रती घेऊन ते खाली उतरले आणि गेटाशीच थांबले. रिक्षावाल्याने विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही. नोंदी मिळाल्या होत्या, शकूचं काम होणार होतं. तिला सहीपलीकडे लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दोन पानांवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. हे सगळं खरं होतं आणि तरीही त्यांना स्वतःची किळस आली. फाइलमधली नको ती पानं गाळणाऱ्या माणसांशीच तर ते इतकी वर्षं भांडत आले होते. आज तर त्यांना तसं करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

ते पुन्हा जिना चढले.

"आधीच सांगायचं ना सर, लंच टाइम झाला," स्वप्नाली कुरकुरली. तिने चौदावं पान मशीनवर ठेवलं, तेव्हा तिची नजर खालच्या सहीवर गेली. मग टेबलावरच्या अर्जाकडे गेली.  तिने प्रती काढल्या, 'खरी प्रत' असा शिक्का मारला आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केले.

दुपारी शकू पडवीत गजऱ्याचे धागे सोडवत बसली होती. पॉलसर पायरीवरच बसले. तिने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. एकेक पान ते वाचत गेले. तीन नोंदी ऐकताना तिने पदर तोंडाला लावला. मग त्यांनी चौदावं पान वाचलं. कलमं वाचली, दंडाची धमकी वाचली, खालचं नाव वाचलं. मग पंधराव्यावरची ओळ वाचली.

"शकू, खांब बदलायला आले होते. मी त्यांना परत पाठवलं," ते म्हणाले. "ही पानं पाहून कंपनी माझ्याकडे बोट दाखवील. दाखवू दे. पण करंट बंद करणं त्यांचंच काम होतं, ते त्यांना चुकणार नाही."

शकू धाग्यातली गाठ सोडवत राहिली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "लाइनमननं तवाच सांगितलेलं यांना."

 प्रल्हाद रोज सकाळी बांधावरून पॉलसरांना हात करायचा, नाताळला फुलं आणून द्यायचा. चार वर्षांत याबद्दल एका शब्दाने बोलला नव्हता.

"मग मला का नाही सांगितलं त्यानं? मी उभ्या उभ्या हरकत मागे घेतली असती."

"मी बोलले त्यांना, जाऊन सांगा. तर म्हनाले, पॉलदादांच्या शब्दाच्या आड कशाला जायचं? उद्या आपला मीटर जळला, बिल चुकीचं आलं, तर अर्ज लिवायला त्यांच्याच दारात जायचंय."

वाडीत कुणाचा तरी पंप सुरू झाला.  आपल्या ओटीवर हात जोडून उभी राहिलेली सगळी माणसं पॉलसरांना आठवली. आजवर त्यांना त्या हात जोडण्याचं सुखच वाटत आलं होतं.

"आणि तू? सहा महिने माझ्यासोबत सुनावणीला येत होतीस," ते कसेबसे म्हणाले.

"तुमच्याबिगर कोन लिवनार व्हता?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "आता दावा लिवा, दादा. काय काय झालं ते समदं लिवा."

ती आतून पाट घेऊन आली. पॉलसरांनी त्यावर कोरा कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. प्रत्येक वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवत होते. मयताचे नाव. तक्रारींच्या तारखा. मग 'खांब वेळेत न बदलण्याचे कारण' असं लिहून ते थांबले.

"लिवा," शकू म्हणाली.

शेजारील वाडीचे मालक श्री. पॉल इनास लोपिस यांनी कोणतीही चौकशी न करता घेतलेली हरकत, असं त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग उरलेला मजकूर पुरा केला. शकूने पेन हातात घेतलं आणि सही कुठे करायची ते विचारलं. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली. ती सावकाश सही करेपर्यंत त्यांनी बोट तिथून काढलं नाही.