उलट्या तोंडाचा अँटेना

मी गच्चीवरचा अँटेना बोलतोय. गच्चीवरचा म्हणजे एके काळचा. सध्या मी जिन्याखाली, फुटकी बादली आणि एक लंगडी खुर्ची यांच्या संगतीत पडून आहे. आपली कहाणी सांगताना सगळे जन्मभराचे आभार मानतात म्हणे. मला ते जमणार नाही. माणसांची मला किळस आली आहे आणि ती का आली, तेच सांगायला मी तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा लांब दांडा हा माझा कणा आणि त्यावर आडव्या बसवायच्या कांड्या या माझ्या फासळ्या. सगळ्यांत लांब कांडी मागे, मग पुढे आखूड होत होत सगळ्यांत छोटी टोकाला. छोटी ज्या दिशेला, तिकडे माझं तोंड. ते प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे करून मला उभं केलं की मी माझं काम चोख करतो. खोक्यात माझ्याबरोबर नटबोल्टांची पिशवी होती, भिंतीची पकड होती, एक टोक मला आणि दुसरं जमिनीत पुरायची तांब्याची तार होती, आणि हे सगळं चित्रांसकट समजावणारा कागद होता. वाचणाऱ्याची सगळी सोय केलेली होती.

मला विकत आणलं आप्पांनी. आप्पा म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले मुकादम. नोकरी सुटली, मुकादमी सुटली नव्हती. घरात आता हुकूम सोडायला एक मुलगा आणि एक सून एवढेच उरले होते. आप्पांनी मला पुढच्या खोलीत जमिनीवर मांडलं, तो कागद उलगडला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

सुनेने कप उचलून चित्र पाहिलं. लांब कांडी मागे दाखवली आहे, असं ती हळूच म्हणाली.

"वडीलधारे पुढे, पोरंटोरं मागे," आप्पा म्हणाले. "जन्मभर माणसांच्या रांगा लावल्यात मी. मला शिकवू नकोस."

आणि खरोखर, त्यांनी माझ्या फासळ्या वयाप्रमाणे बसवल्या. सगळ्यांत थोरली पुढे, सगळ्यांत धाकटी मागे. ज्या टोकाला माझं तोंड असायचं तिथे त्यांनी माझी पाठ बसवली. मुलाने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि दोघांचंही बरोबर आहे असं तो म्हणाला. हा मुलगा म्हणजे बिनबुडाचा लोटा. दोन्हीकडे डुगडुगायचा.

टीव्ही लावला तर बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं. आप्पांनी निदान केलं की उंची कमी पडतेय. मग त्यांनी एका पाइपात दुसरा पाइप घातला, मध्ये लाकडाची पाचर ठोकली आणि मला शेजाऱ्यांच्या अँटेनापेक्षा उंच केलं. उभंही केलं कुठे, तर रस्त्याच्या बाजूच्या कठड्याला, कारण समोरच्यांना दिसायला हवा. त्याच बाजूने विजेच्या उघड्या तारा गेल्या होत्या. कागदावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की अँटेना आडवा झाला तरी तारेपासून बराच लांब राहील अशीच जागा निवडा. सुनेने तेही सांगून पाहिलं. हा पडला तर थेट तारेवर जाईल, असं ती म्हणाली. पडेल कशाला, मी बांधलाय, असं उत्तर आलं.

आधार म्हणून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. आणि तांब्याची तार? एवढं चांगलं तांबं मातीत गाडायला आप्पांचा जीव होईना. त्यांनी तिचं एक टोक माझ्या पाइपाला, दुसरं पाण्याच्या टाकीच्या लोखंडी घोडीला बांधलं आणि सुनेला सांगितलं, कपडे इथे वाळत घालत जा.

इथून माझ्या विटंबनेला सुरुवात झाली. डोक्यावर कावळे बसत आणि जे करायचं ते करून जात. कमरेला ओले पायमोजे, टॉवेल, आणि आप्पांचे बनियन. त्या बनियनांना ऊन लागलं की जो दर्प सुटायचा, त्याबद्दल मी न बोललेलं बरं. पण खरा घोर वेगळाच होता. रोज सकाळी ती पोरगी ओल्या हातांनी ती तार धरायची. मी जरा जरी त्या विजेच्या तारेवर कललो असतो, तर ती उभी जळाली असती. मला हे माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. वारा आला की मी अंग चोरून उभा राहायचो.

उन्हाने दोरीचे धागे उसवू लागले, पाचर सुकून सैल झाली. मी रस्त्याकडे झुकू लागलो. सुनेच्या ते लक्षात आलं. तिने दोनदा सांगितलं, आप्पांनी दोनदा कानामागे टाकलं. मग तिने सांगणं सोडलं आणि पुढच्या खोलीत, बरोबर टीव्हीसमोर, दोरी बांधून कपडे वाळत घातले. आप्पांना मालिका परकराआडून बघावी लागली. मला त्या घरात आलेला तो एकमेव आनंदाचा दिवस. आप्पांचा मात्र पापड मोडला. स्वतःचे बनियन ते मुद्दाम स्वतः गच्चीवर त्याच तारेवर वाळत घालू लागले.

एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. आप्पा तरातरा वर आले, पोराला खाली टीव्हीपाशी उभं केलं. "दिसतंय का?" वरून. "दिसतंय थोडंसं," खालून. मी कुठेही वळलो तरी थोडंसंच. वैतागून आप्पांनी पाइपाला जोरात हिसका दिला आणि दोरी तुटली.

मी रस्त्याकडे झुकलो. आप्पांनी मला दोन्ही हातांनी कवटाळलं. वीज माझ्या टोकापासून हातभर अंतरावर होती. दोरीचा आवाज ऐकून सून जिना चढून आली आणि दारातच थांबली. तिने त्यांना हात लावला नाही, मलाही नाही.

"आप्पा, हात सोडा. पडू दे त्याला."

"लोक बघतायत," आप्पा म्हणाले. समोरच्या गच्चीत खरंच दोघेजण उभे होते. मरण डोक्यावर आलेलं आणि या गृहस्थाला शेजाऱ्यांची पडलेली. तेव्हा मला त्यांच्या तळव्यांच्या घामाचीही शिसारी आली.

"बघू दे," ती म्हणाली. "उद्या तुम्हाला उचलायला येतील, तेव्हाही बघतीलच. माझ्याकडे बघा आणि सोडा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सोडलं, आणि ते मागे सरले.

मी पडलो. डोळे दिपवणारी ठिणगी उडाली, तांब्याची तार लाल झाली आणि तिच्यावरचा बनियन मधोमध जळून दोन तुकडे होऊन खाली पडला. खालून मुलाचा आवाज आला, "आप्पा, आता अजिबातच दिसत नाही."

वीजवाल्यांनी पुरवठा बंद करून मला उतरवलं. आप्पा जमलेल्यांना सांगत होते, मालच हलका, आता पूर्वीसारखा माल येत नाही. मला ओकारी येत नाही म्हणून, नाहीतर तिथेच आली असती.

नवा अँटेना सुनेने बसवला. जमिनीवर कागद उघडून, छोटी कांडी पुढे, आखूड पाइप, तारांपासून दूर मागच्या कठड्याला. तांबं मातीत गेलं. बाईला एकच नाक दिसू लागलं. पाहुणे आले की आप्पा म्हणतात, मी दाखवलं तसं हिने लावलं. ती तोवर चहा आणून ठेवते.

पण परवा दुपारी एक गोष्ट घडली. घरात कोणी नव्हतं. आप्पा पाना घेऊन जिन्याखाली आले आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसले. त्यांनी माझे गंजलेले नट सोडवले, वाकड्या फासळ्या एकेक काढल्या आणि पुन्हा बसवल्या. लांब मागे, छोटी पुढे. माझा आता काहीही उपयोग नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. फाटक वाजलं, सुनेची पावलं ऐकू आली, तसं त्यांनी घाईघाईने माझ्यावर पोतं टाकलं आणि पाना खिशात लपवला. "इतक्या लवकर आलीस?" असं दरडावून ते आत गेले.

अशी ही माणसं. भंगारातल्या अँटेनाची चूक दुरुस्त करतील, पण जिने जीव वाचवला तिच्याशी दोन शब्द बोलणार नाहीत. भंगारवाला आज-उद्या मला नेईल. जाताना एकच मागणं आहे. तो यायच्या आत त्या घरावरून गेलात, तर त्या पोरीला सांगा, पोतं एकदा उचलून बघ म्हणावं. आप्पा सांगणार नाहीत.