मेव्हिसचा झोपलेला नवरा

मेव्हिस स्टकी गोठवलेले बटाटे घेऊन आयडाहोहून ओमाहाला जायची. एकटी. ट्रक तिचा, ट्रेलर तिचा, आणि आवाज असा की भोंगा वाजवायची गरज पडू नये. तरी नेब्रास्कात हॅगर्टीच्या ट्रकथांब्यावर डिझेल भरून आत गेली की काउंटरवरचा माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचा, "ड्रायव्हर कुठाय?"

"मीच."

"नाही, म्हणजे गाडी चालवतं कोण?"

मी सिमेंटचा टँकर चालवते, त्यामुळे आत शिरते तीच धूळ उडवत. मला कुणी फारसं काही विचारत नाही. मेव्हिस मात्र नीटनेटकी, केस विंचरलेली, म्हणून तिला सगळे विचारत.

एके दुपारी तिची दाढ ठणकत होती. काउंटरवरच्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला आणि ती करवादली, "झोपलाय मागे, केबिनमध्ये."

"कोण?"

"नवरा."

"अच्छा! नाव काय?"

"व्हर्नन," मेव्हिस म्हणाली. हे नाव कुठून आलं ते तिचं तिलाही सांगता येईना. पण काउंटरवरच्या माणसाचा जीव भांड्यात पडला. त्याने मुकाट पावती दिली आणि वर हळू आवाजात म्हणाला, "झोपू दे बिचाऱ्याला."

मेव्हिस माझ्या टेबलाशी येऊन बसली ती हसत. "अगं, इतकं सोपं होतं हे! उगाच इतकी वर्षं भांडत बसले."

मी म्हटलं, "सांभाळ हो. नवरा एकदा आला की लवकर जात नाही."

तिने ऐकलं नाही. पुढच्या खेपेला व्हर्ननचं पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या खेपेला कंबर धरली. कारण लोक विचारायला लागले ना, हा माणूस खाली कसा उतरत नाही म्हणून! हॅगर्टीत ट्वायला नावाची वाढपीण आहे. फार मायेची. तिने पोटाचं ऐकलं मात्र, लगेच शेवया घातलेलं कोंबडीचं सूप डब्यात भरलं. "त्याला गरम गरम दे गं."

मेव्हिसने आधीच भरपेट जेवण केलेलं. पण सूप टाकवेना. केबिनमध्ये बसून तिने ते संपवलं आणि पुढच्या वेळी सांगितलं, "मिरपूड थोडी जास्त हवी म्हणाला." तेव्हापासून ट्वायला व्हर्ननसाठी कधी भाजलेला खिमा, कधी ॲपल पाय, कधी लोणी लावलेले पाव पाठवायला लागली. दोघांचं जेवून जेवून मेव्हिसला स्टिअरिंगमागे बसताना श्वास रोखून धरावा लागे.

एवढ्यावर भागलं असतं. पण वसंतात एकदा वारा असा सुटला होता की उभे ट्रेलर डुलत होते. थांबा खच्चून भरलेला. दोन गाड्यांच्या मध्ये एकच फट उरली होती, आणि तिच्यात जायचा प्रयत्न करून तीन पुरुष तोंड वाकडं करून निघून गेले होते. मेव्हिस आली. तिने आरशात पाहिलं, स्टिअरिंग वळवलं आणि अख्खा ट्रेलर एका दमात, लोण्यात सुरी जावी तसा आत घातला. खिडकीशी बसलेली सगळी मंडळी उठून उभी राहिली. टाळ्या वाजल्या.

मेव्हिस आत आली ती मान ताठ करून. ओडेल नावाचे एक निवृत्त ड्रायव्हर तिथे रोज दाढी कुरवाळत बसलेले असतात. ते म्हणाले, "वा! मानलं बुवा! सांग त्याला."

"कुणाला?"

"व्हर्ननला! काय गाडी लावली पठ्ठ्याने!"

"गाडी मी लावली."

"हो, हो." ओडेलनी बाकीच्यांना डोळा मारला. "बघा रे, कंबर दुखत असताना उठून गाडी लावतो, आणि ही म्हणते मी लावली."

मेव्हिस लाल झाली, मग पांढरी झाली. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "व्हर्नन आणि मी वेगळे झालोय! आजच!"

कुणाच्या तरी हातातला चमचा खाली पडला.

"काय केलंस गं त्याला?" ओडेलनी विचारलं.

"मी? मी काय करणार?"

"नाही, गेल्या आठवड्यात माझ्याशी बोलला तेव्हाच मला उदास वाटला होता."

मेव्हिसने आ वासला. "तुमच्याशी बोलला? व्हर्नन?"

"अर्धा तास. गुडघ्यांबद्दल. फार समजूतदार माणूस."

"मी तर त्याच्याबरोबर मासे पकडायला गेलोय," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "कमी बोलतो, पण बोलतो ते मुद्द्याचं."

मेव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीत तोंड घातलं.

"अहो, व्हर्नन नाहीये!" ती ओरडली. "कधीच नव्हता! मी बनवला त्याला!"

ओडेलनी दुःखाने मान हलवली. "बघा. आता म्हणते तो नव्हताच. माझी पहिली बायकोही माझ्याबद्दल असंच सांगत फिरायची."

मेव्हिस तरातरा बाहेर निघाली. मी मागोमाग गेले. आम्ही ट्रकपाशी पोचतो तोच ट्वायला एप्रन सावरत पळत आली. ती बुटांकडे बघत म्हणाली, "मेव्हिस, रागावू नकोस हं. पण तुमचं खरंच संपलं असेल तर... त्याचा फोन नंबर मिळेल का?"

मेव्हिसचा राग एकदम गळून गेला. तिने केबिनचं दार उघडलं, ट्वायलाला हाताला धरून वर घेतलं आणि मागचा पडदा सरकवला. बर्थवर एक उशी, एक लोकरीची टोपी आणि ट्वायलाचे रिकामे डबे, स्वच्छ धुवून एकात एक रचलेले.

ट्वायलाने वरचा डबा उचलून आत डोकावून पाहिलं. "मग माझं सूप कोण प्यायचं?"

"मी."

"सगळं?"

"थेंब न ठेवता."

"आणि मिरपूड?"

"तीही माझीच."

ट्वायला मटकन बर्थवर बसली. मला वाटलं आता रडणार. पण ती अशी हसत सुटली की ट्रक हलला. आधीच वारा होता म्हणा. "माझ्या स्वयंपाकाबद्दल इतकं मन लावून कधी कुणी कळवलं नव्हतं गं," ती डोळे पुसत म्हणाली. मग पुढे सरकून ड्रायव्हरच्या सीटवर बसली, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि विचारलं, "हे वळवायला फार जड जातं का?"

"नाही गं. बटाट्याच्या सालीसारखं वळतं."

पुढच्या रविवारपासून मेव्हिस तिला थांब्यामागच्या मोकळ्या मैदानात शिकवायला लागली. पहिल्याच दिवशी ट्वायलाने रिव्हर्स घेताना कचऱ्याचा डबा आणि कुंपणाचे दोन खांब सपाट केले. भोंगा दाबून बसली तो सोडायचं विसरली, आणि त्यावरून दोघींची केबिनमध्ये जुंपली. ओडेल खुर्ची बाहेर आणून बघत बसले होते. ते मला म्हणाले, "पोरीला ताकद आहे, पण धीर नाही. व्हर्ननने शिकवलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही सांगत त्याला?"

"सांगितलं ना," ओडेल म्हणाले. "पण तो आता त्या दोघींच्या भांडणात पडत नाही."