गोलकीपर नसलेला खेळ

"नियम सात वाचा, साहेब," कायदेबाई म्हणाली. "खाली सही तुमचीच आहे."

पर्सोनेल साहेबांनी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मागायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि कारखान्याच्या हॉलच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर नऊ नियम होते. सातवा म्हणत होता, सामन्यापूर्वी खेळाडूला बटणांची मांडणी आपल्या सोयीने बदलता येईल.

"हे टूलरूमच्या पोरांनी टाइप केलं. मी नुसती सही केली."

"नुसती सही कधी करू नये. मला हे याच ऑफिसात कळलं."

मागे उभ्या असलेल्या प्रेस खात्यातल्या बायका खाली बघून हसल्या. साहेबांनी घड्याळात पाहिलं, घसा खाकरला आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडे निघून गेले. कायदेबाई पुन्हा पडद्यासमोर बसली आणि पळण्याचं बटण उजवीकडून डावीकडे आणून ठेवलं. उजवीकडे ते दाबायला तिच्याकडे बोट नव्हतं.

कारखाना बिजागऱ्यांचा. चौथ्या प्रेसवर तिने बावीस वर्षं पत्रा कापला होता. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळीचा गार्ड असतो. तो खाली आल्याशिवाय वरचा ठोकळा पडत नाही, आणि गार्ड खाली असला की हात आत जात नाही. पण गार्ड खाली-वर होण्यात वेळ जातो, तासाला दीडशे नग कमी पडतात. म्हणून सुपरवायझरने त्याची कळ दाबून अडकवली होती आणि तो तारेने वर बांधून टाकला होता. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी पत्रा अडकला, तिने तो सरळ करायला हात घातला, आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली.

चौकशी झाली. नियम चौदा काढला गेला: गार्ड वर बांधून मशीन चालवल्यास जबाबदारी कामगाराची. तिने असा नियम जन्मात पाहिला नव्हता. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. नोकरीला लागली त्या दिवशी चाळीस नियमांखाली तिने सही केली होती, न वाचता. निकालात लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तिला स्टोअरमध्ये हलकं काम दिलं आणि प्रकरण मिटलं.

तिच्या लेखी ते मिटलं नाही. त्यानंतर ती दिसेल ते वाचू लागली. आग विझवायच्या नळकांड्यावरचा मजकूर, कँटीनची पाटी, औषधाच्या डबीतली घडी घातलेली चिठ्ठी. जेवणाच्या सुट्टीत कोणी रजेचा अर्ज घेऊन आलं तर ती त्यातलं वाक्य न् वाक्य सोलून काढायची. कायदेबाई हे नाव सुपरवायझरने थट्टेने ठेवलं होतं. पुढे लोक ते नाव गरज पडली की घेऊ लागले.

खेळ तिच्या हाती आला तो लेकीमुळे. जखम भरल्यावर डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. ती चार दिवसांत कंटाळली. लेकीने आपला खेळ टीव्हीला जोडला आणि कंट्रोलर आईच्या मांडीवर ठेवला.

"हे धर. चेंडूच आहे, पण जरा बरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायला नको. अकराजणांचा मोठा फुटबॉल सोडून दे. हा बघ, तिघांचा. छोटं मैदान, चारी बाजूंनी भिंत. चेंडू बाहेरच जात नाही."

"आणि गोलकीपर?"

"नसतो. जो मागे राहील तो."

कायदेबाईला हे आवडलं. लेक नोकरीला परगावी गेली तेव्हा खेळ घरीच ठेवून गेली, आणि आईने तो सोडला नाही. पळण्यात ती कच्चीच राहिली. डाव्या हाताला माणूस वळवायचाही आणि पळवायचाही, म्हणून तिचा खेळाडू पळाला की नाकासमोर पळे. म्हणून ती पळतच नसे. मागे उभी राहायची आणि भिंतीवरून पास द्यायची. चेंडू कुठल्या कोनात आपटला की कुठे परततो, हे तिला पत्रा कापणाऱ्या बाईला कळावं तसं कळायचं.

यंदा कारखान्याच्या वार्षिक दिवसाला कॅरम आणि रस्सीखेचीबरोबर हा खेळ ठेवलाय म्हटल्यावर तिने सगळ्यात आधी कागद वाचला. शेवटची ओळ अशी होती: विजेता कप्तान मोठ्या साहेबांसमोर माईकवर दोन शब्द बोलेल.

मोठे साहेब, म्हणजे मालक, वर्षातून एकदाच येत. गार्डबद्दल तिने सहा वर्षांत सात अर्ज केले होते. सातही पर्सोनेल साहेबांच्या टेबलावरून पुढे सरकले नव्हते. चौथी प्रेस अजून तशीच चालत होती, गार्ड वर बांधलेला. तिच्यावर आता छोटी बसायची. छोटी तिशीची, बोलकी, आणि कामाला इतकी चपळ की ठोकळा पडायच्या आत तिचा हात आत जाऊन बाहेर आलेला असे.

कायदेबाईने छोटीला संघात घेतलं. तिसरा लंबू, फोर्कलिफ्ट चालवणारा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. महिनाभर दुपारच्या सुट्टीत स्टोअरमध्ये सराव चालला. उंच कडांचा एक पत्र्याचा ट्रे, वॉशर म्हणजे खेळाडू, आणि सायकलीचा छर्रा म्हणजे चेंडू.

"ऑफसाइड नाही," कायदेबाई सांगायची. "म्हणजे छोटी, तू सरळ त्यांच्या गोलपाशी जाऊन उभी राहा. कोणी शिट्टी वाजवणार नाही."

"आणि तुम्ही इथूनच मारला गोल तर? तिकडे तर कोणीच नसतं राखायला."

"चालत नाही. नियम पाच. आपल्या अर्ध्यातून मारलेला गोल धरत नाहीत, मधली रेघ ओलांडावी लागते. आणि बरोबरी झाली तर दर मिनिटाला दोन्ही संघांचा एकेक माणूस बाहेर. शेवटी एकास एक. मग पहिला गोल करेल तो जिंकला."

लंबूने छर्रा बोटाने ढकलला. तो कडेला आपटून बरोबर छोटीच्या वॉशरपाशी आला. "म्हणजे भिंत हा चौथा गडी," तो म्हणाला. महिनाभरात तो एवढंच बोलला असेल.

त्यांनी पॅकिंगला हरवलं, मग प्लेटिंग खात्याला हरवलं. तेव्हा कुठे पर्सोनेल साहेबांना शेवटची ओळ आठवली. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, हात तर छान चालतोय तुमचा. मग स्टोअरमधलं हलकं काम कशाला? परत प्रेसवर जायचं का?"

प्रेसचा नुसता दणका ऐकून तिच्या तळहाताला अजून घाम सुटायचा. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"जाते की," ती म्हणाली. "गार्ड लावा, उद्या सकाळी जाते."

"मी तुमच्या भल्याचं सांगतोय. रिटायर व्हायला चार वर्षं राहिली. कशाला वाकड्यात शिरता?"

"वाकड्यात मी नाही शिरले, साहेब. वाकडं मशीन आहे."

त्यानंतरचा त्यांचा प्रयत्न म्हणजे आज सकाळचा, बटणांचा. तोही फसला होता.

शेवटचा सामना टूलरूमशी. तिघं तरुण, तिघांच्या घरी हाच खेळ, आणि त्यांचा कप्तान असा पळवायचा की त्याला सगळे वादळ म्हणत. हॉल खचाखच भरला होता. मोठे साहेब पहिल्या रांगेत मधोमध बसले होते, आणि पडद्यावर काय चाललंय ते शेजारच्या पर्सोनेल साहेबांना विचारत होते.

दोन मिनिटांत दोन गोल झाले, दोन्ही वादळचे. कायदेबाईचा खेळाडू वळेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, आता पुरे." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"लंबू, तू माझ्याजवळ ये," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोघं मागे राहू. त्याला येऊ दे. छोटी, तू जागची हलू नकोस."

वादळ आला. दोघांच्या मधून घुसायला गेला आणि अडकला. सुटलेला चेंडू कायदेबाईने त्याच्या अंगावरून न नेता बाजूच्या भिंतीवर मारला. तो लांबून फिरून छोटीपाशी पोचला, आणि छोटीपुढे उघडा गोल होता. मध्यंतरानंतर हेच पुन्हा झालं, फक्त भिंत दुसरी होती. दोन-दोन. तीन-तीन मिनिटांचे दोन्ही डाव संपले.

मग माणसं काढायची वेळ आली. पहिल्या मिनिटानंतर लंबू आपणहून बाहेर पडला आणि कंट्रोलर खुर्चीवर नीट ठेवून मागे उभा राहिला. दुसऱ्या मिनिटानंतर छोटी आणि कायदेबाई एकमेकींकडे बघू लागल्या.

"तू राहा," कायदेबाई म्हणाली. "तुझे हात धड आहेत."

"ते धड राहावेत म्हणूनच तुम्ही खेळा," छोटी म्हणाली आणि उठली.

आता पडद्यावर दोनच खेळाडू होते. वादळने चेंडू घेतला आणि डावीउजवीकडे नाचवायला लागला. हॉल त्याच्या नावाने ओरडत होता. कायदेबाईचा खेळाडू आपल्या गोलपुढे उभा होता, खांबासारखा. ती पुढे येईल, मग मागे रिकामं सापडेल, अशी त्याची अटकळ होती. ती आली नाही. त्याने मागे जाऊन पुन्हा चढाई केली. तरीही ती आली नाही.

"ताई, खेळा की," वादळ हसत म्हणाला. कपाळावर त्याच्या घाम होता.

"खेळतेच आहे," ती म्हणाली.

लोकांना उभं राहणं दिसत नाही, पळणं दिसतं. त्याला हॉलसमोर उभं राहवेना. त्याने जवळ येऊन जोरात मारला. चेंडू तिच्या खेळाडूच्या पायाला लागून समोर पडला. तिच्यापुढे सबंध मैदान मोकळं होतं, पण ती आपल्या अर्ध्यात होती. इथून मारलेला गोल मोजत नव्हते. वादळ वळून तिच्या अंगावर येत होता. तिने चेंडू तिरका भिंतीवर मारला, डाव्या हाताचं बोट पळण्याच्या बटणावर दाबून धरलं आणि तिला पळता येत होतं तसं पळाली. नाकासमोर. रेघ ओलांडली. चेंडू भिंतीवरून परतून तिच्या वाटेत आला, तेव्हा वादळ एक पाऊल मागे होता. तिने अंगठ्याने बटण हलकेच दाबलं. चेंडू काही घाई नसल्यासारखा घरंगळत गोलमध्ये गेला.

वादळनेच सगळ्यात आधी टाळी वाजवली. "तुम्ही मला थांबवून मारलंत," तो म्हणाला आणि उठून त्याने तिची खुर्ची मागे ओढून तिला वाट करून दिली.

मोठ्या साहेबांनी कप दिला. पर्सोनेल साहेबांना माईक द्यावाच लागला.

"नमस्कार," ती म्हणाली. "चौथ्या प्रेसचा गार्ड..."

माईक बंद झाला. साउंडवाल्याने मान खाली घातली होती. पर्सोनेल साहेब त्याच्या शेजारून आपल्या खुर्चीकडे परतत होते. "तांत्रिक अडचण आहे," त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. "आपण जेवणाकडे वळू या."

कायदेबाईने माईक टेबलावर आडवा ठेवला. बावीस वर्षं ती बारा प्रेसच्या दणक्यात, चार मशीन पलीकडच्या बाईशी गप्पा मारत आली होती.

"चौथ्या प्रेसचा गार्ड तारेने वर बांधलेला आहे," ती म्हणाली, आणि ते हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं. जेवणाकडे निघालेले थांबले. "माझी बोटं गेली तेव्हाही होता. तो मी बांधला नव्हता. कागदावर माझी चूक लिहिलीय, ती पुसायला मी आलेली नाही. पण आज त्या मशीनवर ही बसते." तिने छोटीकडे हात केला, उजवा. "मी सात अर्ज दिलेत. एकाचंही उत्तर नाही. दोन शब्द बोला म्हणाले होते, जरा जास्त झाले."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रेस खात्यातल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या, इतकंच. मोठ्या साहेबांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं. "कुठले अर्ज?" त्यांनी विचारलं. पर्सोनेल साहेबांनी पुन्हा घड्याळात पाहिलं.

सोमवारी शिपायाने स्टोअरमध्ये बंद पाकीट आणून दिलं. व्यासपीठाचा गैरवापर, वरिष्ठांची बदनामी, अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई. कायदेबाईने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. नोकरी जाईल का, हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि जाणार नाही असंही नव्हतं. शेवटची चार वर्षं घरी बसून काढायची वेळ आली तर कसं, याचा हिशेब तिने डोक्यात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

खिडकीशी छोटी उभी होती. हातात मेंटेनन्सची चिठ्ठी.

"तू इथे कशी? शिफ्ट आहे ना तुझी?"

"मशीन बंद ठेवलंय. फिटर म्हणाला, तोवर सामान घेऊन ये."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: प्रेस चार. गार्ड बसवणे. बोल्ट आठ, नट आठ. कायदेबाईने स्टोअरमध्ये सहा वर्षांत हजारो चिठ्ठ्या फाडल्या होत्या. अशी एकही आली नव्हती.

तिने पाकीट बाजूला सारलं, खण ओढला आणि बोल्ट काढले. एकेक उजेडात धरून आटे तपासले. एकाचे आटे जरा झिजलेले वाटले. तो तिने परत टाकला आणि दुसरा घेतला.

"सही कर," ती म्हणाली.

छोटीने पेन उचललं, थांबली, आणि चिठ्ठी वरपासून वाचू लागली. कायदेबाई बोल्ट ओंजळीत धरून उभी राहिली, तिचं वाचून होईपर्यंत.