सफरचंदबाबाची शुद्ध कुंडी

एकोणीसशे चौसष्टच्या हिवाळ्यात आर्णीजवळच्या एका तांड्यावर अशी गर्दी लोटली, की बैलगाड्या सोडायला जागा उरली नाही. हिमालयातून सफरचंदबाबा आले होते. हिमालयातून थेट आर्णीलाच का, हे कोणी विचारलं नाही. भक्ती घरात आली की भूगोल दाराबाहेर बसतो.

बाबांची परीक्षा सोपी होती. ज्या घरी सून गरोदर, त्या घराला एकाच सफरचंदाच्या बिया मिळत. त्या कुंडीत लावायच्या. "एक फल, एक माँ, एक बाप!" बाबा गरजत. "रोपं सारखी उगवली, तर लेकरू घरचं. न्यारी उगवली, तर सून खोटी!"

रोपं कोणाच्याच घरी सारखी उगवत नव्हती. मग दुभतं जनावर बाबांना वाहायचं. बाबा कुंडी राहुटीत नेत आणि सकाळी एकसारख्या रोपांनी भरून परत देत. कलंक धुतला जाई आणि म्हैस राहुटीमागे बांधली जाई.

तांड्याचे नायक धावजी यांच्या कुंडीत एक रोप उंच, एक खुजं, एकाची पानं रुंद, एकाची लालसर. सून मानीबाईचे दिवस भरत आले होते. धावजी म्हैस द्यायला तयार होते, पण मानीबाईच अडून बसली. "मी खोटी नाही, त शुद्ध कायले व्हायचं?"

झालं! सुनेनं तोंड उघडलं म्हणजे गुन्हा शाबीत. सासू मोतीबाईनं तिचं गाठोडं बांधून दारात ठेवलं, माहेरी धाडायला. नवरा देवसिंग खाली मान घालून उभा. असल्या नवऱ्यांची मला भोंदूंपेक्षा जास्त चीड येते.

दारात बाबांसह सारा तांडा जमला होता. त्या गर्दीतून शाळेचे उकंडा मेश्राम मास्तर पुढे आले. "नायक, तुमच्या आमराईत आंबे किती तऱ्हेचे?"

"हर झाडाचा न्यारा. शेंदऱ्या, गोटी, खोबऱ्या..."

"पण कोया त एकाच झाडाच्या लावल्या होत्या ना तुमच्या आज्यानं? मग आमराईबी बदचलन म्हणायची काय?"

लोक हसले. बाबा बिथरले. "आम देसी चीज है! सेवफल देवाचं फळ! ये देखो शुद्ध कुंडी!" त्यांनी शेजारच्या तुळसाबाईची कालच शुद्ध झालेली कुंडी उंच धरली. तीच पानं, तीच उंची. लोकांनी हात जोडले.

मानीबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. "मले घरातून उपटून राह्यले, त हेबी उपटून पाहते."

आणि तिनं रोप ओढलं. खाली मूळच नव्हतं, चाकूचा तिरपा काप होता. दुसरं ओढलं, तेही तसंच.

"जड़ें स्वर्ग में हैं!" बाबा ओरडले.

"मग म्हैसबी स्वर्गातच बांधायची होती," तुळसाबाई म्हणाली.

मास्तरांनी पानं निरखली. "ही तुतीची काडी. एकाच फांदीचे तुकडे ओल्या मातीत खोचले, सारखे दिसणारच. सुकायच्या आत बाबा पुढच्या गावी. सेवफळाचं बी मात्र कधीच आईसारखं येत नाही. पराग बहुतेक दुसऱ्या जातीच्या झाडाचा लागते, म्हणून हर बी न्यारं."

"सुन लिया सबने? बाप दुसरा!" बाबांनी संधी साधली.

"झाडाची ती रीतच आहे, बाबा. झाडाचा न्याय माणसाले कायले लावता? बागवान त्या न्यारेपणावरच जगतात. जातींचा संकर करतात, शेकडो रोपांतून गोड, रोगाले टिकणारं एखादं निवडतात, अन् मग त्याच्याच काडीचं कलम करतात, तेच हुबेहूब येते. कलमाचा गुण तुम्ही बियांकडून मागितला!"

बाबा निघाले, म्हशी राहिल्या. मोतीबाई गाठोडं आत न्यायला वाकली, तर मानीबाई आडवी झाली. "राहू द्या. आधी समद्यांसमोर सांगा."

धावजींनी पागोटं काढलं. "सून खरी हाय. खोटे आमीच."

तेव्हा वाचकहो, कोणाच्या चारित्र्याची परीक्षा घेण्याआधी त्या परीक्षेचीच मुळं तपासा. रोप उपटून पाहायला हिंमत लागते, हे खरं. पण तांडाभर बाप्ये उभे असताना ती हिंमत जिला घराबाहेर काढत होते त्या बाईनंच का दाखवावी?