ठाऊक नव्हतं तोवर

"पुरण जरा सैल झालंय बाई, पण पोळी फाटायची नाही बघा," म्हणत स्वयंपाकाला असलेल्या सत्यभामानं तव्यावरची पोळी उलटली. शारजाच्या रोल्ला भागातल्या या घरी वीणाताईंच्या गुरुवारच्या व्रताचं आज संध्याकाळी उद्यापन होतं. स्वयंपाक आणि नैवेद्य सारं तिच्याच हातचं. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. हा उपास मात्र तिचा स्वतःचा, गुहागरकडे अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी. "उद्यापन होऊ दे, मग लगेच जा," असा वीणाताईंनी शब्द दिला होता.

ओट्यावर टेकवलेल्या मोबाईलमधून त्यांची लेक मिहिका बोलत होती. शारजात वाढलेली ही पोर आता अमेरिकेत एका शहराच्या नगरपालिकेत नोकरीला होती.

"आज ऑफिसला हॉलिडे, मम्मा. जूनटीन्थ."

"कसला वो सण?" सत्यभामानं विचारलं.

"सण नाही मावशी, गुलामी संपली त्याची सुट्टी. इकडच्या लोकांना अडीच वर्षं कळलंच नाही, दे वेअर ऑलरेडी फ्री! मालकांना माहीत होतं म्हणे."

"मग सांगितलं का नाही?"

"कापूस काढून व्हायचा होता ना. काम आटपेपर्यंत गप्प बसले."

"अगोबाई! रोज तोंड बघायचं, राबवून घ्यायचं, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवायची?" सत्यभामा हसली. "कसली माणसं! नाही का वो बाई?"

वीणाताईंनी मोबाईल पालथा केला. "मम्मा? हॅलो?" मिहिकाचा आवाज ओट्याशी पुटपुटत राहिला.

सत्यभामानं वळून पाहिलं. गावाहून तिच्या भावाचा फोन याच मोबाईलवर यायचा. दोन दिवस बाई सांगत होत्या, लाइन लागत नाही गं.

"कधी?" तिनं विचारलं.

"मंगळवारी पहाटे," वीणाताई म्हणाल्या. "आज सवाष्णी जेवल्या की सांगणारच होते गं. तुला सुतक लागलं असतं, मग नैवेद्य कोण..."

"म्हणजे माझा आजचा उपास..."

पोळी करपू लागली होती. सत्यभामानं आधी गॅस बंद केला.

"नैवेद्य दाखवा, बाई. ठाऊक नव्हतं तोवर मला सुतक नव्हतं. देवाला चालेल." ती दोन पावलं मागं सरली. "आता मात्र मला शिवू नका."

नेसत्या साडीनिशी ती नळाखाली बसली. ही अंघोळ थंड पाण्यानं करायची असते. पण जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके देत येतं.

बाहेर बेल वाजली, सवाष्णी आल्या. न्हाणीच्या दाराशी वीणाताई कुजबुजल्या, "सत्यभामा, बर्फ आणलाय गं."

"नको बाई," आतून आवाज आला. "होईल गार."

नळ तसाच वाहत राहिला.