उरलेलं दार

मी पुठ्ठ्याची इमारत बोलतेय. जरा लांबून ऐका, काचेवर श्वास सोडू नका. माझी उंची जेमतेम दीड हात आणि माझी धाकटी बहीण सहा मजली आहे.

लोक मला तिची प्रतिकृती म्हणतात. ते ऐकलं की माझ्या सगळ्या पुठ्ठ्याचा तिळपापड होतो. अहो, मी आधी जन्मले! तिचा पाया खणायलाही सुरुवात झाली नव्हती तेव्हा मी रंगरंगोटी करून तयार होते. प्रत असेलच तर ती माझी आहे, आणि तीही घाईत केलेली. पण धाकटी अंगाने थोराड निघाली की थोरलीला विचारतंय कोण?

सत्तर वर्षांपूर्वी एका कारागिराच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. शहरात नवं मोठं पोस्ट बांधायचं होतं. आर्किटेक्टसाहेबांनी कागदावर रेघा मारल्या, पण त्या रेघा बघून खात्याच्या मोठ्या साहेबांना काही बोध होईना. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना करायचं काम या कारागिराकडे आलं. त्याच्या घरात टेबल एकच होतं आणि त्यावर मी होते. घरची माणसं चार महिने मांडीवर ताटं घेऊन जेवली. कोणाला ठसका लागला की कारागीर ओरडायचा, "तोंड तिकडे करा! पोस्ट उडेल!"

त्या काळी जे जे नवं होतं ते सगळं माझ्या अंगावर चढलं. वापरून झिजलेल्या साबणासारखा गोल कोपरा, मजल्यामजल्यावर लांबच लांब छज्जे, जिन्याला बोटीसारख्या गोल खिडक्या. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, पण खिडक्या बोटीच्याच हव्यात असा आर्किटेक्टसाहेबांचा हट्ट होता. मला त्या शोभतात, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

दारं कापताना कारागिराने एक जास्तीचं कापलं, एखादं बिघडलं तर असावं म्हणून. एकही बिघडलं नाही. गॅलऱ्यांची धरून चौसष्ट दारं बसली आणि नखाएवढं एक दार टेबलावर उरलं. तो ते केरात टाकणार, तोच बायको म्हणाली, "अहो, टाकता कशाला? चांगलं दार आहे. लागेल कुठेतरी."

त्या घरात दोऱ्याचा तुकडासुद्धा कोणी टाकत नसे. दाराच्या पाठीवर डिंक लावलेला होताच, पण तो सुकला होता. कारागिराने दार जिभेवर ओलं केलं आणि माझ्या मागच्या भिंतीला, तिसऱ्या मजल्यावर, चिकटवून टाकलं. तिथे ना गॅलरी, ना जिना. त्या दारातून पाऊल टाकलं की माणूस थेट मागच्या बोळात. पण मागून बघतंय कोण?

खरोखरच कोणी बघितलं नाही. मोठ्या साहेबांनी मला वरून पाहिलं, "गच्ची छान आहे," म्हणाले आणि सही केली. माणसं इमारतीकडे मान वर करून बघतात आणि नमुन्याकडे मान खाली घालून. बांधकामाच्या वेळी एका गवंड्याने तेवढं विचारलं, "साहेब, हे मागचं दार कुठे उघडतं?" आर्किटेक्टसाहेब कानापर्यंत लाल झाले. "ते उरलेलं आहे हो. सोडून द्या."

अशी माझी बहीण चौसष्ट दारांची झाली. मला तिच्याच तळमजल्यावर, जिन्याखाली, काचेच्या पेटीत ठेवलं. म्हणजे मी धाकट्या बहिणीच्या पोटात राहते. जगात दुसऱ्या कुठल्या थोरलीवर ही वेळ आली नसेल.

तक्रार करते खरी, पण दिवस चांगले गेले. सगळं शहर बहिणीच्या नावाने पत्ते सांगायचं. गोल पोस्टावरून डावीकडे, गोल पोस्टाच्या अलीकडे, गोल पोस्ट दिसलं की पुढे आलात म्हणून समजा. माझ्या पेटीवर लोकांनी पार्सलं ठेवली, कोपरं टेकली, चहाचे पेले ठेवले. आतल्या इमारतीकडे बघून प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "अगदी हुबेहूब आहे नाही!" मी मनात म्हणायचे, माझी पासष्ट दारं मोज आणि मग बोल.

समोर चार नंबरची खिडकी होती. तिथे छत्तीस वर्षं एक ताई तिकिटं विकत बसल्या. तिकीट ओलं करायला स्पंजची वाटी असायची, पण ताईंचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्या जिभेच्या टोकावर तिकीट टेकवायच्या आणि पाकिटावर असं बसवायच्या की पाकीट फाटेल, तिकीट निघायचं नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्या रोज सकाळी येऊन एक तिकीट घेतात. घरी पत्र लिहायला कोणी नाही. ती तिकिटं त्या पोस्टातल्या शिपाईमामांना देतात आणि मामा ती दुसऱ्या दिवशी येणाऱ्या एखाद्या घाईतल्या माणसाला देतात.

आता तिसऱ्या मजल्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं तिथेच. तिथे न सापडणाऱ्या पत्त्यांचा विभाग आहे. एक टेबल, एक कारकून आणि भिंतभर कप्पे. बहिणीच्या वयाच्या कितीतरी इमारती शहरात होत्या. त्या एकेक करून पाडल्या गेल्या, पण त्यांच्या नावाने पत्रं येतच राहिली. थिएटर पाडून पंधरा वर्षं झाली, तरी लोक अजून "थिएटरपाशी उतरा" म्हणतात आणि पाकिटावर "थिएटरसमोर" लिहितात. इमारत पाडायला आठ दिवस लागतात, पत्ता पाडायला किती लागतात ते कोणालाच माहीत नाही. त्या कप्प्यांवर थिएटरचं नाव आहे, बर्फाच्या कारखान्याचं आहे, गोल घुमटाच्या पोहण्याच्या तलावाचं आहे. कारकून रोज ते कप्पे पुसतो.

एके दिवशी माझ्या शेजारी एक नवा नमुना आणून ठेवला. पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकचा, बटण दाबलं की दिवे लागणारा. त्यात माणूस नव्हता, खिडकी नव्हती, नुसत्या इवल्या इवल्या गाड्या. आठ मजली वाहनतळ! मी त्याला विचारलं, "बाबा रे, तू कुठे बांधला जाणार?" तो म्हणाला, "इथेच." आणि दिवे लावून दाखवले.

मला काय वाटलं ते सांगते. पुठ्ठ्याला घाम फुटत नाही, पण माझे छज्जे वाकले. माझी बहीण आता तिसऱ्या मजल्यावरच्या एका कप्प्याचं नाव होणार होती. आणि तिसरा मजलाही तिच्याबरोबर जाणार म्हटल्यावर तो कप्पा तरी कुठे ठेवणार? शिपाईमामांनी हा प्रश्न वरिष्ठांना विचारला. वरिष्ठ म्हणाले, "लेखी द्या." मामांनी लेखी दिलं, तेही पोस्टाने, आणि ते अजून पोचलेलं नाही.

ताईंनी मग जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीला बोलावलं. दोघं आले, एक अध्यक्ष आणि एक मोजणीबाई. अध्यक्षांना उकाडा सोसत नसे आणि मोजणीबाईंना अंदाज सोसत नसे. नियमाप्रमाणे आधी वयाने मोठी वस्तू तपासायची, म्हणून त्यांनी पेटी उघडून मला तपासलं. शेवटी एकदाचं कोणीतरी मला थोरली मानलं! तपासणी झाली आणि मला तिथल्या तिथे पितळी पाटी बसली: "संरक्षित वस्तू. हात लावू नये."

मग बहिणीची पाळी आली. मोजणीबाई दोन तास जिने चढल्या-उतरल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "नमुन्यात पासष्ट दारं आहेत, इमारतीत चौसष्ट. तिसऱ्या मजल्यावर मागचं दार नाही."

"मूळ रूपात फेरफार," अध्यक्ष म्हणाले. "अपात्र."

"अहो साहेब, ते दार उरलेलं होतं!" मामा कळवळून म्हणाले. ही गोष्ट पोस्टात सगळ्यांना माहीत आहे.

"नियमात उरलेलं असं काही नसतं. मुळात आहे किंवा नाही."

"मग नमुन्यावरचं काढून टाका की. नखाने निघेल."

"संरक्षित वस्तूला हात लावता येत नाही."

"कोणी केली ती संरक्षित?"

"आत्ताच आम्ही."

मामा खालीच बसले. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. माझ्या अंगावरच्या नखाएवढ्या चुकीसाठी माझ्या बहिणीचे सहा मजले जाणार होते. अध्यक्षांनी मूळ रूप परत आणायला तीन आठवड्यांची मुदत दिली आणि निघून गेले.

ताई मात्र बसल्या नाहीत. "दार कमी आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग दार बसवू या."

त्यांनी एका मेस्त्रींना गाठलं. मेस्त्रींच्या अंगणात एक जुनं दार पडून होतं, गोल काचेचं, पितळी मुठीचं. पंधरा वर्षांपूर्वी थिएटर पाडलं तेव्हाचं. "टाकवेना," ते दार आणून माझ्यापाशी टेकवत मेस्त्री म्हणाले. "म्हटलं, लागेल कुठेतरी." सत्तर वर्षांनी तेच वाक्य ऐकून मी दारासकट शहारले.

दोन आठवडे तिसऱ्या मजल्याची भिंत फुटत होती. घणाचा प्रत्येक ठोका जिन्यातून उतरत माझ्यापर्यंत यायचा. दार बसलं. ते आतून थेट हवेत उघडतं, म्हणून मामांनी त्यावर पाटी लावली: "बाहेर जाण्यासाठी वापरू नये." पण माणसांची गंमत बघा. दार बसल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यासमोर कोणीतरी पायपुसणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिथे चौघांची रांग होती. कशासाठी उभे आहात विचारलं तर म्हणाले, "दार उघडलं की कळेल."

कारकुनाने आणखी कमाल केली. थिएटरच्या नावाची नऊ पत्रं कप्प्यात पडून होती. त्याने ती काढली, दारावर टकटक केली आणि एकेक करून दाराखालच्या फटीतून सरकवली. ती तरंगत बोळात पडली. पण वहीत त्याने नऊ वेळा "पोचलं" असं लिहिलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा वेळेवर घरी गेला. मी कधी रडले नाही, कारण रडले तर माझा लगदा होईल. त्या दिवशी मात्र कठीण गेलं.

कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट एकच होती. घणाच्या ठोक्यांनी माझं पासष्टावं दार सुटत चाललं होतं.

मुदत संपली. समिती आली. मोजणीबाईंनी बहिणीची दारं मोजली: पासष्ट. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता नमुन्याशी एकदा ताडून पाहू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेटी उघडली. मी श्वास रोखून धरला. सगळं ठीक झालं असतं हो. पण तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अरे, पंखा लावा, साहेबांना उकडतंय."

माझं दार पडलं. नखाएवढं दार ते, त्याचा आवाज तो काय येणार! पण तो सगळ्यांनी ऐकला. शेजारच्या वाहनतळाने लगेच दिवे लावले.

"चौसष्ट," मोजणीबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा एकदा मोजून पाहिलं, तरी चौसष्टच.

"म्हणजे इमारतीत आता एक दार जास्त," अध्यक्ष म्हणाले. "मूळ रूपात फेरफार. मलाही वाईट वाटतंय, पण दुसरी मुदत नियमात नाही."

"साहेब, ते आत्ता तुमच्यासमोर पडलंय!" मामा म्हणाले. "परत चिकटवा की!"

अध्यक्षांनी पितळी पाटीकडे बोट दाखवलं. हात लावू नये.

मग ताई पुढे आल्या. त्यांनी पर्स मामांकडे दिली, चष्मा वर केला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पेटीत वाकल्या.

"बाई, काय करताय?" अध्यक्ष ओरडले.

"हात कुठे लावतेय?" ताई म्हणाल्या, आणि जिभेच्या टोकावर त्यांनी माझं दार अलगद उचललं.

सत्तर वर्षांचा डिंक ओला झाला. ताईंनी नेम धरला, जुन्या डिंकाच्या डागावर दार टेकवलं, नाकाच्या शेंड्याने चारी कोपरे दाबले आणि दहापर्यंत मोजलं. छत्तीस वर्षांत त्यांचं एकही तिकीट वाकडं बसलं नव्हतं, हे दारही वाकडं बसलं नाही. माझ्या अंगाला इतक्या मायेने कोणी शिवलं त्याला सत्तर वर्षं झाली होती.

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे वाचलं. हाताबद्दल बावीस कलमं होती. जिभेबद्दल एकही नव्हतं.

"पासष्ट," मोजणीबाई म्हणाल्या आणि अध्यक्षांची वाट न बघता त्यांनी लिहून टाकलं.

आता बहिणीलाही पितळी पाटी आहे, माझ्यापेक्षा मोठी. असू दे. वाहनतळाचा नमुना न सापडणाऱ्या पत्त्यांच्या विभागात गेला. त्याला तिथे एक कप्पा मिळाला आणि कारकून अधूनमधून त्याचे दिवे लावतो. ताई अजून रोज येतात, एक तिकीट घेतात आणि जाताना चष्मा वर करून माझ्या मागच्या भिंतीकडे बघून जातात. त्यांचं वय आता बहात्तर आहे, आणि माझ्या बहिणीचे सहाच्या सहा मजले त्यांच्या थुंकीवर उभे आहेत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात असते तर. मला बघायला या, बहिणीला बघायला या, पत्ता अजून तोच आहे. पण माझ्यापाशी पंखा लावू नका आणि जोरात हसू नका. शिंक आलीच, तर धावत बाहेर जा. तळमजल्यावरचं मोठं दार सताड उघडं असतं. तिसऱ्या मजल्यावरचं तेवढं उघडू नका.